उणे ३५०, अधिक २७५ आणि दहा प्लेट सेव उसळ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला ताडून पाहता येईल. तुम्ही चौघे मित्र वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या एकाच कारखान्यात. रविवारी सकाळी एकाच्या घरी जमून यूएफसीचे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणाऱ्या मिश्र मारामारीचे, सामने बघता आणि हरणाऱ्याने सेव उसळ द्यायची अशी पैज लावता. एका रविवारी मित्राने परदेशी साइटवरचे आकडे दाखवले. एका लढवय्यापुढे उणे ३५० होते, दुसऱ्यापुढे अधिक २७५. ज्याच्यापुढे अधिकचे चिन्ह तो वरचढ, असे समजून तुम्ही तो घेतला. दोघांच्या दहा-दहा प्लेटा ठरल्या आणि तुमचा माणूस दुसऱ्या राउंडमध्ये पडला. नंतर दुसऱ्या एका सामन्यावर पाच प्लेटा लागल्या. तिथे डोळ्यात बोट गेल्यामुळे पंचांनी सामना निकालाविना थांबवला. मित्र म्हणतो, तोवर माझा माणूस पुढे होता, तेव्हा पाच प्लेटा दे. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: हे आकडे वाचायचे कसे, आणि आता कोण कोणाचे किती देणे लागतो.

आकडे वाचायला दहा मिनिटांत येतील. पण तुमचा खरा गुंता आकड्यांत नाही. दोन असमान माणसांवर तुम्ही समान प्लेटा लावल्या, आणि निकालच लागला नाही तर काय, हे आधी बोललाच नाहीत. भाव, म्हणजे हे पैजेचे आकडे, तोंडपाठ असलेली माणसेही या दोन ठिकाणी अडकतात. म्हणून आकडे सांगतोच, पण त्यापुढचे जरा जास्त सांगणार आहे.

मी कशाच्या आधारावर बोलतो तेही सांगतो. माझी नोकरी विम्यात गेली. आगीच्या विम्याचे हप्ते ठरवायचे काम होते. नंदेसरीकडची रसायनांची गोदामे, कापसाचे जिनिंग, लाकडाच्या वखारी बघून यायचे आणि इथे आग लागण्याची शक्यता किती, तिची किंमत किती, ते कागदावर मांडायचे. दुसरीकडे लहानपणापासून तालमीची माती अंगाला लागलेली. आमच्या दांडिया बाजारातल्या मित्रमंडळींच्या कुस्ती-बॉक्सिंगच्या पैजांची वही २००६ पासून माझ्याकडे आहे. तिच्यात रुपया एकदाही लागलेला नाही. सेव उसळ, पाववडे, फार तर उन्हाळ्यात आंब्याची पेटी. पण तीच पैज पुन्हा पुन्हा लिहिली की माणसे कुठे भांडतात ते नीट कळते.

आता आकडे. तुम्ही पाहिलेली पद्धत अमेरिकन. तिच्यात सगळे शंभराभोवती फिरते. उणे ३५० म्हणजे या माणसावर ३५० लावाल तेव्हा १०० नफा मिळेल. अधिक २७५ म्हणजे या माणसावर १०० लावा, जिंकला तर २७५ नफा. उणे ज्याच्यापुढे, तो लोकांच्या मते जिंकणारा. त्याच्यावर कमावायला जास्त धोका घ्यावा लागतो. अधिक ज्याच्यापुढे, तो दुबळा. त्याच्यासाठी जास्तीचे आमिष ठेवलेले असते. शाळेत अधिक म्हणजे जास्त असे शिकलेल्या कोणालाही तुमच्यासारखेच वाटेल, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्या भाषेत बसवायचे तर पहिल्या माणसाला रुपयामागे साधारण २९ पैसे नफा, दुसऱ्याला रुपयामागे पावणेतीन रुपये. असे म्हटले की चिन्हाचा घोळ राहत नाही.

कधी दोघांपुढेही उणेच दिसेल, उदाहरणार्थ दोन्हीकडे उणे ११०. ती काट्याची लढत समजा. १०० कमवायला दोन्ही बाजूंनी ११० लावावे लागतात.

हेच भाव दुसऱ्या साइटवर १.२९ आणि ३.७५ असे दशांशात दिसतील. तिथे एकच गोष्ट ध्यानात ठेवा: दशांशात तुमचा स्वतःचा रुपयाही धरलेला असतो. ३.७५ म्हणजे हातात येणारे एकूण पावणेचार, त्यातला नफा पावणेतीन. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत ते २/७ आणि ११/४ असे लिहितात, आणि त्यात फक्त नफा असतो. तिन्ही रूपांत गोष्ट एकच आहे, ज्याला जे झेपेल ते त्याने वापरावे.

यापुढची पायरी बहुतेक लोक सोडून देतात. भावातून शक्यता काढायची. उणे असेल तर आकड्याला आकडा अधिक शंभरने भागा: ३५० भागिले ४५०, म्हणजे ७७.८ टक्के. अधिक असेल तर शंभरला आकडा अधिक शंभरने भागा: १०० भागिले ३७५, म्हणजे २६.७ टक्के. आता दोन्हींची बेरीज करा. १०४.४ येते. दोन माणसे लढणार, त्यातला एक जिंकणार, मग शक्यतांची बेरीज शंभरच्या वर कशी?

विम्याच्या माणसाला हे लगेच ओळखू येते. समजा एका गोदामाला वर्षभरात आग लागण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि नुकसान दहा लाखांचे. हिशेबाने हप्ता दहा हजार. पण कंपनी दहा हजारांत विमा विकत नाही. कचेरीचा खर्च, दलाली आणि नफा त्यावर चढतो आणि हप्ता तेरा हजारांवर जातो. त्या चढवलेल्या भागाला आम्ही लोडिंग म्हणायचो. भावांच्या बेरजेतले शंभरावरचे साडेचार हे भाव लावणाऱ्याचे लोडिंग आहे. त्याच्याकडे एका बाजूला ७७.८ रुपये आणि दुसऱ्या बाजूला २६.७ रुपये जमले, तर गल्ल्यात १०४ रुपये ४४ पैसे येतात, आणि कोणीही जिंको, द्यावे लागतात शंभरच. कोणत्या राउंडमध्ये संपेल, कोणत्या डावाने संपेल, असल्या बारीक पैजांवर हे लोडिंग आणखी वाढते.

ते काढून टाकायचे तर प्रत्येक शक्यतेला बेरजेने भागा. ७७.८ चे होतात ७४.५, आणि २६.७ चे २५.५. म्हणजे ढोबळमानाने चारात तीन वेळा पहिला जिंकेल, एकदा दुसरा. मित्रामित्रांत मध्ये गल्लेवाला बसलेला नसतो, म्हणून लोडिंग काढलेला हाच भाव तुमच्या कामाचा: तीनास एक. ज्याने वरचढ माणूस घेतला त्याने तीन प्लेटा धोक्यात घालायच्या, ज्याने दुबळा घेतला त्याने एक.

तुम्ही दोघांनी दहाला दहा लावल्या. त्याचे मोल काढून बघा. असा सामना शंभर वेळा झाला असता तर तुम्ही साधारण साडेपंचवीस वेळा दहा प्लेटा जिंकला असता आणि साडेचौऱ्याहत्तर वेळा दहा हरला असता. सरासरीने दर पैजेमागे जवळजवळ पाच प्लेटा तुमच्या खिशातून गेल्या असत्या. मित्राने हे जाणून केले की नकळत, ते मला ठाऊक असण्याचे कारण नाही आणि मी त्यात पडणारही नाही. पण भाव एकाला वाचता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, अशा वेळी वाचता येणाऱ्याने तो आधी मोठ्याने समजावून सांगावा. आमच्या वहीचा हा पहिला नियम आहे आणि मी तो मनापासून पाळतो. नव्या माणसाला भाव समजला असे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी त्याची पैज लिहीत नाही.

इथे परिस्थितीचा भाग येतो. एकेका प्लेटचीच पैज असेल, चौघे आळीपाळीने हरत-जिंकत असतील आणि मजा सामन्याची असेल, तर समान लावा आणि विसरून जा. मीही तसेच करतो. प्लेटा वाढल्या, किंवा एकच माणूस दर वेळी वरचढ बाजू पकडतो असे दिसले, की मग भाव हवाच.

भाव ठरवायला परदेशी साइटही लागत नाही. घरात दोन मुलांत एकच पुरणपोळी असली की आई काय करते? एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. आम्ही पैजेत तेच करतो. एक जण भाव बोलतो, दुसरा बाजू निवडतो. बोलणाऱ्याला आपल्या वाट्याला कोण येईल ते माहीत नसते, म्हणून तो मनातला खरा भाव बोलतो. फुगवला तर समोरचा दुबळी बाजू उचलणार, दाबला तर वरचढ. पुढच्या वेळी पाळी बदलायची.

जून २०१९ चा अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझचा बॉक्सिंगचा सामना वहीत आहे. जोशुआ तोवर अपराजित होता, आणि रुईझ ऐनवेळी बदली म्हणून आलेला. आधी ठरलेला जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत अडकला होता. रुईझचे पोट सुटलेले, जोशुआ पुतळ्यासारखा. आमच्यातला जोशुआचा भक्त म्हणाला, आठास एक. दुसऱ्याने क्षणभर विचार केला आणि रुईझ उचलला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिसऱ्या राउंडला आधी रुईझ खाली गेला, उठला, आणि त्याच राउंडमध्ये त्याने जोशुआला दोनदा पाडले. सातव्यात पंचांनी सामना थांबवला. आमच्या भक्ताने आठ प्लेटा दिल्या आणि एक अक्षरही काढले नाही, कारण भाव त्याच्याच तोंडचा होता.

दुसरी रीत चिठ्ठ्यांची. दोघांनी आपापला भाव गुपचूप लिहायचा. एकाने वरचढाच्या बाजूने पाचास एक लिहिले, दुसऱ्याने दोनास एक, तर मधला तीन किंवा साडेतीन धरायचा. पाचावर विश्वास असलेल्याला वाटते, तीनच प्लेटा घालून वरचढ माणूस मिळाला. दोनावर विश्वास असलेल्याला वाटते, दोनच्या जागी तीन मिळतील. दोघेही मनापासून खूश असतात. चिठ्ठ्यांत एकच आकडा निघाला तर पैजेत काही अर्थच उरत नाही; तेव्हा आम्ही सगळे मिळून खर्च करतो आणि सामना बघतो.

साइटवरच्या भावाला मात्र देववाणी समजू नका. त्यात जाणकारांचा अंदाज असतो, तसा लोकांचा पैसाही असतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बॉक्सर फ्लॉइड मेवेदर आणि यूएफसीचा कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या रिंगणात उतरले. मेवेदरच्या खात्यात ४९ पैकी ४९ विजय, आणि मॅकग्रेगरची ती व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिलीच लढत. तरीही मॅकग्रेगरच्या चाहत्यांनी छोट्या छोट्या पैजांचा इतका पाऊस पाडला की सामन्याच्या दिवसापर्यंत मेवेदरचा भाव सुरुवातीपेक्षा बराच उतरला होता. मॅकग्रेगर त्या काळात बॉक्सिंगमध्ये तरबेज झाला म्हणून नव्हे, त्याच्यावर प्रेम करणारे खिसे जास्त होते म्हणून. दहाव्या राउंडमध्ये मेवेदर जिंकला. आपल्याकडेही भारतीय खेळाडू रिंगणात असला की हेच होते. चौघांचे मन एकाच बाजूला असेल तर तुमच्या चिठ्ठ्यांतला भावही तिकडे झुकलेला असतो.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. दुबळा जिंकला म्हणजे भाव चुकीचा होता असे लगेच म्हणू नका. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या राउंडमध्ये चीत केले. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोत डग्लसवर ४२ ला १ असा भाव होता. त्याचा अर्थ तो हरणारच असा नव्हता. साधारण त्रेचाळिसात एकदा जिंकेल असा होता. विम्यात शंभरात एक अशी शक्यता लिहिलेल्या वखारीला पहिल्याच वर्षी आग लागलेली मी पाहिली आहे. साहेबांनी तेव्हा मला एका वखारीचा नव्हे, तशा सगळ्या वखारींचा हिशेब मागितला होता. तुमचे अंदाज खरे की खोटे ते एका रविवारी कळत नाही. ते तपासायचे असेल तर वही ठेवा. पन्नास पैजा झाल्या की ज्यांना तुम्ही तीनास एक म्हणालात, त्यातले चारातले तीन खरेच जिंकले का ते बघा. माझ्या वहीने मला दाखवले की मी म्हाताऱ्या नामवंतांना फार झुकते माप देतो. आता ते लक्षात ठेवून भाव बोलतो.

मारामारीच्या खेळात हे सारे क्रिकेटपेक्षा जास्त अस्थिर असते. क्रिकेटमध्ये एक चूक झाली तर पुढे सावरायला षटके असतात. इथे एक ठोसा आणि खेळ खलास. सामना शेवटपर्यंत गेला तर निकाल तीन पंचांच्या गुणांवर. प्रत्येक राउंड बहुधा दहा-नऊ असा सुटतो, आणि तुम्हाला स्पष्ट दिसलेला राउंड पंचाला उलटा दिसू शकतो. म्हणून दोघे तुल्यबळ असतील आणि दोघेही सहसा ठोशाने आडवे होणारे नसतील, तर मी कोणाच्याही बाजूने मोठा भाव बोलत नाही. वजनाच्या दिवशी एखादा वजनात बसला नाही, किंवा आठवड्यावर सामना असताना बदली माणूस आला, तर आधी ठरलेला भाव आम्ही फाडून टाकतो आणि नवा बोलतो.

आता तुमच्या पाच प्लेटांकडे. इथेच बहुतेक मैत्र्या दुखावतात, म्हणून सावकाश सांगतो.

१ डिसेंबर २०१८ ला लॉस एंजेलिसला टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर हे बॉक्सर लढले. बाराव्या राउंडमध्ये फ्युरी असा कोसळला की आमच्या खोलीतले सगळे उभे राहिले, आणि तो उठून पुन्हा लढला. एका पंचाने वाइल्डरला ११५-१११ दिले, दुसऱ्याने फ्युरीला ११४-११२, तिसऱ्याने ११३-११३. बरोबरी. आमच्याकडे दोघांची पैज होती आणि बरोबरीबद्दल एक शब्द लिहिलेला नव्हता. एक म्हणे, माझा माणूस हरला नाही, म्हणजे मी जिंकलो. दुसरा म्हणे, तुझा जिंकला नाही, म्हणजे तू हरलास. दोन चांगली माणसे दीड महिना एकमेकांकडे चहाला गेली नाहीत. वही माझ्या हातात होती, म्हणून ती चूक मी माझी मानतो. त्यानंतर पानाच्या डोक्यावर नियम लिहिल्याशिवाय मी पैज घेतलेली नाही.

नियम असे आहेत. बरोबरी झाली तर पैज रद्द, ज्याचे त्याच्याकडे. बॉक्सिंगमध्ये बरेच भाव लावणारे बरोबरीला तिसरी बाजू म्हणून वेगळा भाव देतात, आणि तिथे बरोबरी झाली तर दोन्ही लढवय्यांवर लावणारे हरतात. तुम्ही तीन बाजू धरता की दोन, हे म्हणूनच आधी बोलायचे. मित्रांत दोनच ठेवा. पंचांनी सामना निकालाविना रद्द केला, तरी पैज रद्द. मार्च २०२१ मध्ये यूएफसीत लिऑन एडवर्ड्स आणि बेलाल मुहम्मदचा सामना दुसऱ्या राउंडमध्ये डोळ्यात बोट गेल्यामुळे असाच संपला होता. त्याच महिन्यात पीटर यानने खाली टेकलेल्या आल्जमेन स्टर्लिंगला नियमबाह्य गुडघा मारला आणि यान बाद ठरवला गेला. तिथे मात्र स्टर्लिंग अधिकृत विजेता होता, विजेतेपदाचा पट्टा त्याला मिळाला, म्हणून त्याच्यावरची पैजही जिंकलेली धरायची. मनाला पटत नाही, पण अधिकृत निकाल सोडून आपण न्याय करायला बसलो की सकाळची दुपार होते.

निकाल कोणत्या दिवशीचा? त्याच दिवशी रिंगणात जाहीर झालेला. जुलै २०१७ मध्ये यूएफसीत जॉन जोन्सने डॅनियल कॉर्मिएला तिसऱ्या राउंडमध्ये पाडले, आणि नंतर उत्तेजक चाचणीमुळे तो निकाल रद्द झाला. तोवर प्लेटा खाऊन झालेल्या होत्या. खाल्लेली सेव उसळ परत मागायची नाही, असे आम्ही अगदी याच शब्दांत लिहिले आहे.

प्रतिस्पर्धी बदलला तर पैज रद्द. पॅरिस ऑलिंपिकमधली ७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ आठवा. आदल्या दिवशी विनेश फोगाटने पहिल्याच फेरीत जपानच्या यूई सुसाकीला हरवले होते, जी तोवर परदेशी मल्लाकडून कधी हरलीच नव्हती. अंतिम फेरीच्या सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि विनेश स्पर्धेतूनच बाद झाली. तिच्या जागी उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्यूबाची गुझमान अंतिम सामना लढली. त्या दिवशी आमच्या घरात कोणाला जेवण गेले नाही. वहीत त्या सामन्यावर चार पैजा होत्या, त्यांवर मी काट मारली आणि कोणी काही बोलले नाही.

राउंडवर, म्हणजे सामना अडीच राउंडांच्या आत संपेल की पुढे जाईल अशी, पैज लावणार असाल तर एवढे ठरवा: अडीच राउंड म्हणजे तिसऱ्या राउंडचा मध्य. यूएफसीत तो अडीच मिनिटांवर, बॉक्सिंगमध्ये दीड मिनिटावर. दोन राउंडांमधल्या विश्रांतीनंतर कोणी स्टुलावरून उठलाच नाही तर सामना आधीच्या राउंडमध्ये संपला असे धरायचे.

हे सगळे परदेशी वाटत असेल तर कमाटीबागेतल्या संग्रहालयात जाऊन या. गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलल्याचे ज्यावर कोरले आहे, तो दगड तिथे ठेवलेला आहे. हाच गामा १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी लढला. झिबिस्को बहुतेक वेळ मातीला, म्हणजे तिथल्या मॅटला, चिकटून राहिला आणि अडीच तासांहून जास्त चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले, तर झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीतपट केले. आता वहीवाल्याच्या नजरेने बघा. पहिल्या दिवशी पैज रद्द. दुसऱ्या वेळी गामा विजेता खरा, पण लढत सुरूच झाली नाही, म्हणून आमच्या नियमाने तीही रद्द. खरी वसुली १९२८ ला. हे तीनही प्रसंग आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होते, आणि तरी आम्ही नियम लिहायला २०१८ उजाडू दिले याचे मला वाईट वाटते.

एक बारीक गोष्ट राहिली. जवळपासच्या कुस्त्यांच्या दंगलीवर पैज लावाल, तर तुमच्यातला कोणी त्या मल्लाच्या तालमीत जात असेल आणि त्याला गुडघा दुखावल्याची आतली खबर असेल, तर त्याने ती सांगावी किंवा त्या कुस्तीवर पैज लावू नये. यात मी कधीही सूट दिलेली नाही.

आणि रोख पैसा आणू नका. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल असतो, जिंकलेली रक्कम कोर्टात मागता येत नाही. गुजरातेत १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. मित्राने ती साइट भाव बघण्यापुरती उघडली असेल तर तेवढ्यावरच थांबा, तिथे खाते काढू नका. कायद्याच्या पलीकडेही एक कारण आहे. प्लेटा पोटात मावतात तेवढ्याच खाता येतात, त्यामुळे हरलेले भरून काढायला दुप्पट लावण्याचा मोह आपोआप अडतो. रुपयाला तसा अटकाव नसतो, आणि विम्याच्या नोकरीत मी त्यापायी गहाण पडलेली दुकाने पाहिली आहेत.

आता तुमच्या दोन्ही उधाऱ्या. पहिल्या पैजेच्या दहा प्लेटा तुम्ही द्यायच्या. भाव वाईट होता, पण समान लावायला तुम्ही हो म्हणाला होता, आणि सामना संपल्यावर भाव बदलता येत नाही. मित्राला मात्र हे सगळे वाचायला द्या. त्याच्या मनात आले तर तो त्या दहा प्लेटा चौघांत वाटून खाईल, पण ती त्याची मर्जी. दुसऱ्या पैजेत कोणीच कोणाचे काही देणे लागत नाही. "पुढे होता" हा निकाल नाही. गुणपत्रिका पंचांकडे होत्या आणि त्यांनी त्या जाहीर केल्या नाहीत. येत्या रविवारी भाव तुम्ही बोला आणि बाजू त्याला निवडू द्या. कागदावर आधी बरोबरी, रद्द सामना, बाद ठरलेला लढवय्या आणि बदललेला प्रतिस्पर्धी, या चार ओळी लिहून चौघांच्या सह्या घ्या, मगच टीव्ही लावा.